क्लिक करायला काही ठेवलं नाहीस

मिलिंदा, गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना मी तुझ्या कॉम्प्युटरसमोर एक दुपार बसवणार आहे. मग विचारणार.

काल पवनारला तुझ्या घरी आलो होतो. तू गेल्यावर दुसऱ्यांदा. पहिल्यांदा आलो तो पुण्यानुमोदनाला, आणि मागच्या रांगेत चपलांजवळ बसलो. भन्तेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. तुझे शेजारी बोलले, वहिनींच्या अंगणवाडीतल्या बाई बोलल्या, एक भाजीवालासुद्धा बोलला. मग कोणीतरी म्हणालं, आंजीच्या पत्रिकांच्या दुकानातले पार्टनर आले आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी उठलो, 'मिलिंद चांगला माणूस होता' म्हणालो आणि बसलो. अर्धं आयुष्य एका टेबलाला दोन खुर्च्या लावून बसलो आपण, आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच. लोकांना वाटलं, दुःखाने बसला. दुःख होतं खरं, पण त्यात निम्मा राग होता. आणि रागावून श्रद्धांजली वाहायची पद्धत आपल्याकडे नाही.

राग कशाचा ते तुला चांगलं माहीत आहे. तू रोज पवनारहून आंजीला गाडीने यायचास. उन्हात, पावसात, कधी कुरकुर नाही. आणि दीड-एक वर्षापूर्वी एका सकाळी तू दुकानातलं तुझं मशीन उचललंस, तारा गुंडाळल्यास आणि म्हणालास, "दिन्या, मी आता घरीच बसून काम करीन. गिऱ्हाईक तू पाह्य, फाइली मी पाठवत जाईन."

मी म्हणालो, "काऊन बे? काय झालं?"

"काई नाई झालं."

एवढं बोलून किक मारलीस. त्याच्या आठवडाभर आधी आपलं माउसवरून भांडण झालं होतं. दोन गोष्टी एकमेकींना लागून घडल्या की माणूस त्या जोडतोच, मीही जोडल्या. त्यानंतर कामं होत राहिली. मी गिऱ्हाइकांची नावं पाठवायचो, तू लग्नपत्रिकेची फाइल पाठवायचास, मी 'मिळाली' लिहायचो. भेटायचं म्हटलं की तुझं काहीतरी निघायचं. एका माउसपायी माणूस एवढ्या वर्षांची सोबत सोडू शकतो का, हा प्रश्न मी काल संध्याकाळपर्यंत डोक्यात घेऊन फिरत होतो. तू होतास तेव्हा विचारला नाही. उत्तर 'हो' आलं असतं तर मी काय करणार होतो?

बरं, काल येण्याचं निमित्त मी न विचारता तूच देऊन ठेवलं होतंस. आंजीच्या गावंडेंच्या मुलीची पत्रिका. तुझ्या हातची शेवटची फाइल, आणि तिच्यात निमंत्रकांमध्ये मुलीच्या मोठ्या काकांचं नाव राहिलेलं. चूक तुझी की माझी, तो वाद राहू दे. आपल्याकडे पत्रिकेतून सुटलेला काका लग्नात येऊन रुसत नाही. तो लग्नाआधीच रुसतो आणि पुढच्या पिढीपर्यंत रुसलेला राहतो. गावंडे दुकानात येऊन तुझ्या खुर्चीवर बसले ते उठेचनात. "भाऊ, मोठ्याबाचं नाव टाकाच. नाईतर माह्या घरात चूल नाई पेटाची." माझ्याकडे होती ती छपाईची फाइल, तिच्यातलं अक्षर काही हलत नाही. मूळ फाइल तुझ्या मशीनवर. वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "या नं भाऊ. मशीन हाय तशीच हाय."

हाय तशीच हाय! हे वाक्य मी आधी नीट ऐकायला हवं होतं.

तुझा माउसशी दावा कुठून सुरू झाला ते मला पक्कं आठवतं. ऐन लग्नसराईत कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि आपल्या सगळ्या पत्रिका गिळून बसला. त्याच दिवशी तू विंडोज पुसून लिनक्स टाकलंस. मी बोंबललो. तू ऐकलं नाहीस. लिनक्स आलं आणि त्याच्या मागोमाग तुझे ते शॉर्टकट आले. कीबोर्डवर खिडकीचं चित्र असलेलं एक बटण असतं, त्याच्यावर तू वहिनींची टिकली आणून चिकटवलीस. "हे आता विंडोजचं नाई, आपलं बटन हाय," म्हणालास. टिकली आणि डावा बाण दाबला की पत्रिका डाव्या अर्ध्या स्क्रीनवर. टिकली आणि उजवा बाण, की गिऱ्हाइकाने पाठवलेली नावं उजवीकडे. एका स्क्रीनच्या तू चार खोल्या केल्या होत्यास. एकीत पत्रिका, एकीत बॅनर, तिसरीत ग्रामपंचायतीचे कागद आणि चौथीत तुझी कव्वाली. एका खोलीतून दुसरीत कधी गेलास ते दिसायचं नाही, नुसती स्क्रीन सरकायची. हात कीबोर्डवरून उठत नसे. मग एक दिवस माउसची वायर ओढलीस आणि तो जुन्या कार्ट्रिजांच्या खोक्यात टाकून दिलास.

मी वैतागायचो, पण तुझा हात चालला की बघत राहायचो. खोटं कशाला बोलू. गिऱ्हाईक आलं की त्याला धरून तुझ्या खुर्चीमागे उभं करायचो. "पाहा, माउस नाही. फक्त हात पाहा." बाया लेकरं घेऊन यायच्या पत्रिका करायला, त्यांनाही दाखवायचो. एकदा तर वर्ध्याहून कागदाचा एजंट आला होता, त्याला चहा गार होईपर्यंत उभा ठेवला. तू लाजायचास, "दिन्या, जाऊ दे नं बे" म्हणायचास. आणि मग आणखी जोरात चालवायचास, हे काय मला दिसत नव्हतं?

पण वाद तो वादच. तू म्हणायचास, "माउस म्हणजे हॉटेलात जाऊन समोशाकडं बोट दाखवनं. तोंड हाय नं? नाव घेऊन माग!" आणि दुसरं, "हात उचलला का विचार तुटते." मी म्हणायचो, तुझं सगळं पाठ असलेल्या माणसाचं बोलणं आहे. ज्याला पाठ नाही त्याने काय करायचं? माउस निदान दाखवतो तरी काय कुठे आहे. मी मध्येच तुझ्या मशीनवर बसलो की चार अक्षरं टाकायला मला तुला हाका माराव्या लागायच्या. "उद्या तू नसलास तर या मशीनवर काम कोणी करायचं?" असं मी शंभरदा तरी म्हणालो असेन. माझ्या डोक्यात तेव्हा तुझी सुटी होती, पाहुणेरावळे होते, फार तर ताप. दुसरं काही नव्हतं.

तर मिलिंदा, हा वाद मी जिंकलो आहे. काल जिंकलो. काही मजा आली नाही.

आता ते भांडण. गिऱ्हाईक समोर बसलेलं, गाडी धरायची घाई असलेलं, आणि तू एकच ओळ नीट करत होतास. फाइल बंद झाली. पुन्हा उघडलीस, भलतीच खोली उघडली. पुन्हा सुरुवात, पुन्हा बंद, आणि या वेळी सेव्ह न करता. माणूस घड्याळ पाहत होता. मी नेहमीसारखंच, चेष्टेतच म्हणालो, "लाव ना बाप्पा एक माउस, का जिद्दीला पेटलास?" तू वळून माझ्याकडे असं पाहिलंस की मी उठून गिऱ्हाइकाला पाणी द्यायला गेलो. माझं डोकं पुढे चाललं ते असं, की आपण जरा जास्त बोललो, आता काहीतरी गोड करावं. वर्ध्याला गेलो, चांगला बिनवायरचा माउस घेतला, त्याला लाल कागद गुंडाळला आणि तुझ्या टेबलावर ठेवला. तू कागद काढलास. माउस हातात घेतला नाहीस, टेबलावरच बोटाने मागे सारलास. "तुले माह्या कामात खोट दिसत असंन त तसं तोंडावर सांग." हे एवढं मोठ्याने बोललास की शेजारचा सायकलवाला डोकावून गेला. मीही मग कमी केलं नाही. तू हेकट आहेस, तुला कोणी काही सांगायची सोय नाही, दुकान तुझ्या एकट्याच्या डोक्यावर चालत नाही, असं बरंच. आठवड्याने तू मशीन घेऊन गेलास.

काल दुपारी वहिनी अंगणवाडीत होत्या. किल्ली शेजारी ठेवली होती, पासवर्ड फोनवर सांगितला होता, तो एका फटक्यात चालला. तुझं टेबल खिडकीशी, मशीनवर धुतलेला रुमाल टाकलेला. मी येताना खिशात माउस घेऊन आलो होतो, तुला न जुमानता. म्हटलं आता कोण अडवतंय. जोडला. बाण आला स्क्रीनवर. आणि मग मी तो बाण घेऊन बसलो. कारण त्या स्क्रीनवर क्लिक करायला तू काहीही ठेवलं नव्हतंस! एक फोल्डर नाही, खालची पट्टी नाही, वरची पट्टी नाही. निळा रंग, बस. बाण इकडून तिकडे फिरवला, कोपऱ्याकोपऱ्यात नेऊन पाहिला. लग्नघरी कोणी ओळखीचं न भेटलेल्या पाहुण्यासारखा तो बाण फिरत होता आणि त्याच्या मागे मी.

बरं, म्हटलं कीबोर्ड तर कीबोर्ड. तुझं थोडंफार मलाही येतं. टिकली जोर देऊन दाबली, शोधायची चौकट उघडली, फाइलचं नाव टाइप करायला लागलो. एक अक्षर उमटेना. पुन्हा टाइप केलं, जोरात. नाहीच. मला वाटलं कीबोर्ड गेला. वायर काढून घातली, कीबोर्ड उलटा करून आपटला, त्यातून चिवड्याचे दाणे पडले, तुझेच. तरी तेच. मग काय करावं माणसाने? गाडी काढली, तसाच वर्ध्याला गेलो, नवीन कीबोर्ड घेतला, आलो, जोडला. तोही मेलेला! आता नव्या कोऱ्या कीबोर्डला काय झालं? मी चिडून एक बटण नुसतं दाबून धरलं, तर एक अक्षर उमटलं. एक. तेच पुन्हा पटकन दाबलं तर दुसरं उमटेना. मग भरात नव्या कीबोर्डच्या खिडकीवाल्या बटणावर बोट राहिलं, ते सोडलं, पुढचं अक्षर दाबून धरलं, तर ते अक्षर यायच्या ऐवजी स्क्रीनच बंद झाली आणि परत पासवर्ड मागायला लागली. मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, तुला ओळखीचं आहे.

माझ्या मनात आलं ते हेच, की मुद्दाम केलंय. दिन्या कधीतरी येईल आणि माझ्या मशीनला माउस लावेल म्हणून या हेकटाने ठरवून कुलूप घातलंय. वेग, वेग म्हणून आयुष्यभर माझं डोकं खाल्लंस आणि स्वतःचं मशीन असं करून ठेवलंस की बैलगाडीने जाणारा पुढे निघून जाईल. गेल्यावरसुद्धा मला हरवायचं होतं तुला. असं वाटलं मला, खरंच वाटलं, आणि तुझ्या खुर्चीवर बसून तुझाच इतका राग आला की डोळे भरून आले.

तेवढ्यात वहिनी आल्या. पिशवी ठेवली, दोन कीबोर्ड आणि माझं तोंड पाहिलं. मला म्हणाल्या, "काय झालं भाऊ?"

"चालतच नाही हो हे. दोन कीबोर्ड लावले."

"दाबून धरा नं. जरासं दाबून धरलं का बोलते थे." आणि स्वतः येऊन, बोट टेकवून, थांबून, उचलून, पुन्हा टेकवून त्यांनी पासवर्ड टाकला आणि माझ्यासमोर 'प' काढून दाखवला. एकदम सहज.

मी म्हटलं, "वहिनी, कुठलाच कॉम्प्युटर असा नसतो."

"नाई कसा? मी याच्यावरच त शिकली. अंगणवाडीचं सारं याच्यावरच टाइप करतो मी. आमच्या त्या वर्ध्याच्या ऑफिसातला बिघडेल हाय. तिथं मी 'अ' दाबला त सारी ओळ अ अ अ अ नं भरली. साहेबाले म्हटलं, तुमची मशीन दुरुस्त करून घ्या."

मी हसलो, खूप दिवसांनी हसलो. वहिनी चहाचं आधण ठेवत होत्या, त्याही हसल्या. आणि हसता हसता मी, त्यांनी सांगितल्यासारखा एकेक बटण दाबून धरत, सेटिंग उघडली. म्हटलं पाहू तर खरं, पठ्ठ्याने काय करून ठेवलंय.

तिथे पोचलो आणि हसू गेलं. बटण थोडा वेळ धरून ठेवल्याशिवाय मान्य करायचं नाही, चालू. तेच बटण लगेच दुसऱ्यांदा लागलं तर सोडून द्यायचं, चालू. दोन बटणं एकदम दाबायच्या ऐवजी एकामागून एक दाबली तरी चालेल, चालू. मिलिंदा, हे तिन्ही प्रकार मला ओळखीचे होते. आंजीच्या त्या पेन्शनर मास्तरांना अर्धांगवायू झाला होता, तेव्हा त्यांच्या लॅपटॉपवर हेच तू चालू करून दिलं होतंस. मी शेजारी उभा होतो. तूच मास्तरांना समजावून सांगितलं होतंस, की गुरुजी, हात थरथरला, चुकून दुसऱ्या बटणाला लागला तरी मशीन तिकडे लक्ष देणार नाही, तुम्ही मनापासून दाबाल तेवढंच ते धरणार. मास्तरांनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला होता.

मी वहिनींना विचारलं, "मिलिंदचा हात..."

त्यांनी गॅस बारीक केला. "तुम्हाले सांगतलं नाई त्याईनं?"

"काय?"

"कंपवात होता नं. आधी उजवा हात, मंग डावाबी. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवत होतो आमी. गोळ्या चालू होत्या. तुम्हाले माहीत हाय असंच मी समजत होती, भाऊ. पवनारात त सारेच जाणत. भाजीवाला थैली हातात नाई देये, गाडीच्या हुकाले अडकवून देये."

म्हणून तो भाजीवाला बोलायला उठला होता. भाजीवाल्याला माहीत. शेजाऱ्यांना माहीत. अंगणवाडीतल्या बाईंना माहीत. आणि ज्याने तुझ्या खुर्चीला खुर्ची लावून एवढे उन्हाळे काढले त्याला नाही. मी चपलांजवळ बसलो होतो ते बरोबरच होतं म्हणायचं.

"मग मलाच काऊन नाही?" मी विचारलं. आवाज चढला माझा. वहिनींवर चढवायचं काही कारण नव्हतं, पण तू कुठे होतास चढवून घ्यायला?

त्या म्हणाल्या, "तुमच्यापुढंच नको होतं त्याईले. म्हणत, दिन्यानं गावभर माह्या हाताची तारीफ केली. लोकाईले बोलावून बोलावून दाखवलं. त्याच्या डोयापुढं हा हात असा नाचताना मले नाई पाह्यवनार. लोकाईपुढं चालते, दिन्यापुढं नाई."

"आणि तो माउस?"

"माउस त धरताच येत नव्हता. बाण साऱ्या स्क्रीनवर नाचे. कीबोर्डवर निदान बटन सापडे. तुम्ही थे माउस आनून देल्लं नं, त्या दिवशी घरी येऊन लय वेळ नुसते बसून होते. मले वाटलं, दुकानात कोनाशी भांडन झालं."

तर हे तुझं उत्तर. तू माउसमुळे गेला नाहीस, भांडणामुळे गेला नाहीस. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं मला. दीड वर्षाचं ओझं उतरलं म्हणून बुद्धविहारात जाऊन एक मेणबत्ती लावायला हवी होती. माझा मात्र जीव जळत होता. अरे, भांडून गेला असतास तर बरं होतं, भांडण मिटवता येतं. दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी समोसा पुढे केला, मिटलं. आपली किती भांडणं अशी मिटली. तू मात्र भांडणाच्या आडोशाला जाऊन उभा राहिलास आणि मला तिथेच थांबवून ठेवलंस. मी तिकडे रोज दुकान उघडताना विचार करत बसलो, की आपली जीभ फार चालते, आपण मित्र घालवला. तू इकडे बटणं मोजून मापून दाबत गावंडेंच्या मुलीची पत्रिका करत बसलास. आणि त्या सगळ्या पत्रिका कशा देखण्या असायच्या! मला कधी शंका आली नाही. उशीर व्हायला लागला होता तर मी म्हणायचो, साहेबांचं आता घरबसल्या चाललंय, मूड लागेल तेव्हा काम. एका 'ॐ'ऐवजी एक बुद्धाचं चित्र बसवायला तुला किती वेळ लागत असेल, मला नाही ठाऊक. कुठल्या गिऱ्हाइकालाही ठाऊक नाही. त्या पत्रिका लोकांच्या देवघरात, कपाटात, कुठे कुठे पडल्या असतील. प्रत्येक अक्षर तू दाबून धरलेलं.

यातला मोठा भाग शहाणपणाचाही होता, हेही मला कळतं. हात ऐकेना तर तू मशीनला तुझ्या हाताचं ऐकायला शिकवलंस. दुसरा कोणी असता तर काम सोडून ओसरीवर बसला असता. हे मला कौतुकाने चारचौघांत सांगता आलं असतं. पुण्यानुमोदनाला उठून सांगता आलं असतं. तू ती संधीसुद्धा घालवलीस माझी.

चहा प्यालो. मग मोठ्या काकांचं नाव टाकलं, तुझ्याच पद्धतीने. एकेक अक्षर, बोट टेकवायचं, थांबायचं, उचलायचं. माझ्यासारख्या घाईच्या माणसाचा त्यात अंत होतो. त्या मोठ्या काकांचं नावही असं लांबलचक, की आईबापांनी एवढं कशाला ठेवलं असं झालं. पण झालं. फाइल छापखान्याला पाठवली आणि गावंडेंना फोन केला, त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की फोनमधून ऐकू आला.

वहिनींना विचारलं, "हे बदलून देऊ का? सगळ्या कॉम्प्युटरसारखं करून देतो, पटपट चालेल."

"नको," त्या म्हणाल्या. "मले असंच जमते आता. ऑफिसातलंच दुरुस्त करा म्हना." मग मी नवीन कीबोर्ड काढून तुझा टिकलीवाला परत लावला आणि रुमाल टाकला.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. मला वाटलं काही द्यायचं असेल. तर म्हणाल्या, "दर महिन्याले म्हणत, भाऊ. या गोळ्या लागू पडल्या का आंजीले जातो. दिन्या एकटाच बसला असंन. दर महिन्याले."

मी मान हलवली, फाटकाबाहेर आलो, आणि गाडीला किल्ली लावून तसाच उभा राहिलो. हात बरा झाला की येणार होतास! काय रे, मी काय तुझ्या हाताशी दोस्ती केली होती? हात नाचतो तर नाचू दे ना. कप सांडला असता तर मी अर्धा भरून दिला असता. गिऱ्हाईक पाहतंय म्हणून लाज वाटली असती तर मी त्याला बाहेर बाकावर बसवलं असतं. तारीफच करायची होती ना मला, तर मी दुसरी कशाचीही केली असती, तुझ्यात कमी होतं का काही? तुझी खुर्ची तिथेच आहे, गावंडे बसतात त्यावर. तू नुसता येऊन बसायचंस. पाठ तर तुला सगळंच होतं. कुठलं बटण ते तू सांगायचंस, मिलिंदा, मी दाबलं असतं.